जॉर्जिया २०२०: सूटकेस, फुटलेला पाइप आणि ‘गायब’ मतं

अमेरिकेतल्या निवडणुकीचा विषय निघाला की मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरतो. त्याचा मथितार्थ असा: ‘२०२० साली जॉर्जियात ट्रम्प जिंकत आले होते. पाइप फुटल्याचं नाटक करून मोजणी थांबवली, सगळ्यांना घरी पाठवलं आणि टेबलाखालच्या सूटकेसा काढून एका रात्रीत बायडन यांची मतं घुसवली. मशीननं मतं फिरवली, मेलेल्यांनी मतदान केलं. जॉर्जिया कायम रिपब्लिकन होतं आणि आहे. पुरावा हवा तर २०२४ बघा, ती मतं गेली कुठे?’ पाठवणाऱ्यांत अटलांटाच्या उपनगरात राहणारे आपले लोकही असतात. ‘आम्ही तिथलेच’ म्हटलं की फॉरवर्डला वजन येतं, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी निकाल. बायडन २४,७३,६३३, ट्रम्प २४,६१,८५४. फरक ११,७७९. पन्नास लाखांच्या आसपास मतदानात एवढा फरक म्हणजे निसटता विजय, आणि निसटत्या विजयावर शंका घेतली जाणारच. घ्यावीच. ती तपासण्याचे मार्ग कोणते होते आणि ते वापरल्यावर काय निघालं, हे मात्र फॉरवर्डमध्ये कुठेच नसतं.

‘एका रात्रीत’ हा शब्द आधी बाजूला काढू. जॉर्जियात असं काही झालं नाही. ३ नोव्हेंबरच्या रात्री ट्रम्प पुढे होते, ४ तारखेला पुढे होते, ५ तारखेलाही पुढे होते. लीड हळूहळू घटत गेलं आणि ६ तारखेच्या पहाटे अटलांटाच्या दक्षिणेच्या क्लेटन काउंटीची (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मतं आल्यावर बायडन पुढे सरकले. आपल्याकडे टपाली मतांची मोजणी आधी सुरू होते, त्यामुळे ही मतं शेवटी आलेली पाहून आपल्याला खटकतं. तिथे कोरोनाच्या वर्षात सुमारे १३ लाख टपाली मतं आली होती. पाकिटावरची सही जुळवा, पाकीट फोडा, घडी उलगडून मतपत्रिका सरळ करा, मग स्कॅन करा; मोठ्या शहरी काउंट्यांत ढीगच्या ढीग पडले होते. टपाली मतदानावर विश्वास ठेवू नका, असं ट्रम्प स्वतः कित्येक महिने सांगत होते. त्यांच्या मतदारांनी ऐकलं आणि केंद्रावर जाऊन मत दिलं. मग टपालाच्या ढिगात बायडन यांना दोनतृतीयांशाच्या जवळपास मतं निघाली, यात नवल ते काय?

आता पाइप आणि सूटकेस. फुल्टन काउंटीची टपाली मतमोजणी अटलांटातल्या ‘स्टेट फार्म अरीना’ या बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये चालू होती. पाणी आलं ते मतदानाच्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास. चौकशीत निघालं की मुतारी तुंबून पाणी वाहिलं होतं. दोनेक तास काम अडलं, एकही मतपत्रिका भिजली नाही. रात्रीच्या प्रकाराशी त्याचा संबंध नाही. फॉरवर्डमध्ये सकाळचं पाणी उचलून रात्रीच्या व्हिडिओला जोडलेलं आहे.

रात्रीचं फूटेज मात्र खरं आहे आणि ते पूर्ण पाहिलं तर उलगडतं. साडेदहाच्या सुमारास आजचं काम संपलं असं समजून कर्मचारी आवराआवर करू लागतात. उरलेल्या मतपत्रिका चाकांच्या काळ्या पेट्यांत भरून टेबलाखाली सरकवतात. त्या वेळी पत्रकार आणि पक्षांचे निरीक्षक त्याच हॉलमध्ये आहेत. मग तेही निघतात. तेवढ्यात राज्याच्या निवडणूक कार्यालयातून विचारणा होते की इतक्या लवकर बंद कसं करता? त्यामुळे अकराच्या सुमारास त्याच पेट्या पुन्हा बाहेर येतात आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत स्कॅनिंग चालतं. डिसेंबरमध्ये राज्याच्या सिनेटपुढे (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहापुढे) ट्रम्प यांच्या बाजूनं दाखवली गेली ती फक्त या शेवटच्या भागाची चित्रफीत. पेट्या टेबलाखाली ठेवतानाचा भाग कोणी दाखवला नाही. अटलांटाचे तेव्हाचे केंद्रीय सरकारी वकील बी. जे. पाक यांची नेमणूक ट्रम्प यांनीच केली होती. ती ‘सूटकेस’ म्हणजे मतपत्रिका सुरक्षित ठेवण्याची अधिकृत पेटी होती, अशी साक्ष त्यांनी २०२२ मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) समितीपुढे दिली.

निरीक्षक नसताना मोजणी चालू राहिली, हा गलथानपणाच. तो मान्य करायला काहीच हरकत नाही. पण व्हिडिओतल्या दोघी कर्मचारी, एक आई आणि तिची मुलगी, यांना नावानिशी गुन्हेगार ठरवलं गेलं, धमक्या आल्या, आईला घर सोडून राहावं लागलं. ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांनी या दोघींची बदनामी केली म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीनं सुमारे १४.८ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. त्याआधी जूनमध्ये राज्याच्या निवडणूक मंडळानं आरोपात तथ्य नाही म्हणून चौकशी बंद केली होती.

‘मशीननं मतं फिरवली.’ हा आरोप जॉर्जियावर करणं म्हणजे चुकीचं राज्य निवडणं आहे. २०२० मध्ये तिथे डॉमिनियन कंपनीची नवी यंत्रणा होती. मतदार पडद्यावर निवड करतो, छापील मतपत्रिका हातात येते, तिच्यावर उमेदवारांची नावं अक्षरांत असतात आणि एक क्यूआर कोडही असतो. स्कॅनर कोड वाचतो. म्हणजे कोडमध्ये एक आणि अक्षरांत दुसरं, अशी लबाडी तत्त्वतः शक्य आहे. तेच तपासायला नोव्हेंबरच्या मध्यात सर्व १५९ काउंट्यांत प्रत्येक मतपत्रिका हातानं मोजली गेली. टेबलाशी दोघं बसायचे. एकानं नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं कागद पाहून खात्री करायची, मग ट्रम्प, बायडन आणि तिसऱ्या, लिबर्टेरियन पक्षाच्या जॉर्गन्सन असे गठ्ठे. कोडकडे कोणी बघतच नव्हतं. आपल्याकडे व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच यंत्रांपुरत्या जुळवतात. तिथे सगळे कागद मोजले. हाताच्या मोजणीत बायडन १२,२८४ मतांनी पुढे निघाले. नंतर ट्रम्प यांच्या मागणीवरून यंत्रानं फेरमोजणी झाली, तिचा आकडा ११,७७९. स्टेडियममधल्या त्या व्हिडिओत तीच मतपत्रिका तीन-तीनदा स्कॅन करताना दिसते, असंही म्हणतात. कागद स्कॅनरमध्ये अडकला की तो गठ्ठा पुन्हा घालावा लागतो. आणि समजा एखादा गठ्ठा खरोखर तीनदा धरला गेला असता, तरी कागद एकच. हातानं मोजताना ती सूज तिथेच उतरली असती.

चुका सापडल्या, आणि त्या दडवल्या गेल्या नाहीत. फ्लॉइड काउंटीत सुमारे २,६०० मतपत्रिका पहिल्या आकड्यात यायच्याच राहिल्या होत्या, फेयेटमध्ये पावणेतीन हजार. दोन्हीकडे फायदा ट्रम्प यांचा झाला आणि तो त्यांच्या खात्यात धरला गेला. बायडन यांचं लीड चौदा हजारांवरून खाली आलं त्याचं मोठं कारण हेच. फुल्टनमध्ये शेवटच्या फेरमोजणीत तीनेक हजार मतपत्रिका दोनदा स्कॅन झाल्याचं आढळलं आणि मे २०२४ मध्ये राज्याच्या मंडळानं काउंटीला ताकीद दिली. ती सगळी मतं बायडन यांचीच होती असं धरून वजा केली, तरी ११,७७९ संपत नाहीत. शिवाय हाताची मोजणी त्याआधीच होऊन गेली होती.

मेलेल्यांची मतं: ट्रम्प यांनी पाच हजारांच्या आसपास सांगितली, राज्याच्या तपासात चार निघाली. सह्यांबद्दल: कॉब काउंटीत राज्याच्या तपास यंत्रणेनं १५,११८ पाकिटं तपासली, बनावट एकही नाही, मतदाराकडून दुरुस्ती करून घ्यायला हवी होती अशी दोन. इथे जास्त थांबण्यात अर्थ नाही.

सगळ्यात चलाखीचा मुद्दा आहे तो ‘फक्त बायडनवर शिक्का मारलेल्या’, म्हणजे बाकीच्या पदांचे रकाने कोरे ठेवलेल्या हजारो मतपत्रिकांचा. आधार खरा आहे: त्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटसाठी उभे असलेले, बायडन यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन ऑसॉफ यांना बायडन यांच्यापेक्षा जवळपास ९९ हजार मतं कमी पडली. पण त्यांच्यासमोरच्या रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू यांचा आकडा बघा. २४,६२,६१७, म्हणजे ट्रम्प यांच्यापेक्षा साडेसातशे जास्तच. मग ९९ हजार गेली कुठे? सिनेटच्या लिबर्टेरियन उमेदवाराला त्याच पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारापेक्षा ५२-५३ हजार मतं जास्त मिळाली, आणि पंचेचाळीसेक हजार लोकांनी सिनेटचा रकाना कोराच सोडला. पन्नास लाखांत पंचेचाळीस हजार कोरे रकाने, म्हणजे शंभरात एकही नाही. निव्वळ वजाबाकी केली तरी हिशेब जुळतो. त्यातून दिसतो तो ट्रम्प यांना नाकारून खाली नेहमीच्या पक्षाकडे किंवा तिसऱ्याकडे वळलेला मतदार.

हा मतदार अचानक उगवलेला नाही. ‘कायम रिपब्लिकन’ जॉर्जिया १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी १३-१४ हजारांच्या फरकानं घेतलं होतं. कॉब आणि ग्विनेट ही अटलांटाची मोठी उपनगरं २०१२ मध्ये तेव्हाचे रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांच्याकडे होती, २०१६ मध्ये थोडक्यात हिलरी क्लिंटन यांच्याकडे गेली, २०२० मध्ये बायडन तिथे अनुक्रमे १४ आणि १८ टक्क्यांनी पुढे होते. फोरसाइथ काउंटी तर आपल्या बऱ्याच लोकांच्या ओळखीची. तिथे आजही रिपब्लिकनच जिंकतात, पण रॉम्नी यांना ८० टक्के होते, २०२० मध्ये ट्रम्प यांना ६६. निकाल इथे फिरला. तो फिरवायला सूटकेस लागत नाही. दोन निवडणुकांत वाढलेल्या वसाहती आणि मत बदललेली घरं पुरतात.

उरलं २०२४. ‘बायडन यांची मतं गायब झाली’ हे निदान जॉर्जियाला तरी लागूच होत नाही. कमला हॅरिस यांना तिथे २५,४८,०१७ मतं मिळाली, बायडन यांच्यापेक्षा ७४ हजारांनी जास्त. ट्रम्प यांची मतं मात्र दोन लाखांवर वाढली, म्हणून ते सुमारे १ लाख १५ हजारांनी जिंकले. यंत्रं डॉमिनियनचीच होती, फुल्टन काउंटी तीच होती, आणि निवडणुकांचे प्रमुख होते तेच रिपब्लिकन ब्रॅड रॅफेन्सपर्गर, ज्यांना जानेवारी २०२१ मध्ये फोन करून ट्रम्प यांनी ११,७८० मतं शोधून द्यायला सांगितलं होतं. या निकालाविरुद्धचा फॉरवर्ड अजून कुठल्या ग्रुपवर आलेला दिसला नाही.