वसईच्या किल्ल्यात प्रीवेडिंग शूट करताय? मग या टिपा घ्याच

मागच्या रविवारी पाहुण्यांना वसईचा किल्ला दाखवायला नेलं, तर तिथल्या एका चर्चमध्ये एक पोरगा म्हणाला, "काका, फ्रेममधून जरा बाजूला व्हा ना." झालो बाजूला. चूक आपलीच, किल्ला बघायला कोण जातं हल्ली? तर ज्यांचं शूट अजून व्हायचंय त्यांच्यासाठी काही टिपा.

सगळ्यात आधी, काहीही वाचून जाऊ नका. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, त्यांनी तटाच्या आत अख्खं शहर उभं केलं, चर्च, मठ, वाडे, आणि दोनशे वर्षं तिथे राज्य केलं, हे कळून तुमच्या लेहंग्याचा घेर थोडीच वाढणारे!

स्मोक बॉम्ब दोन रंगांचे न्या. एका रंगात प्रेम दिसत नाही.

भिंतीवर नाव कोरताना बदाम विसरू नका.

रीलमध्ये इतिहास सांगायचाच असेल तर बिनधास्त ठोकून द्या. मी बघितलेल्या एका रीलमध्ये हा किल्ला शिवाजी महाराजांनी जिंकलाय, वर भगव्या झेंड्याचा इमोजी. आता वसई घेतली चिमाजी अप्पांनी, १७३९ च्या मे महिन्यात, म्हणजे महाराज जाऊन ५९ वर्षं झाल्यावर, आणि अप्पांचा पुतळा किल्ल्यातच उभाय, पण त्याच्याकडे बघायला वेळ कुणाला, लाईट जातोय ना!

आता जेवणाचं. जेवायला फ्रान्सिस्कन चर्चमध्येच बसा. सावली आहे, वारा आहे, आणि खाली मस्त सपाट दगड. त्या दगडांवर अक्षरं कोरलेली दिसतील, लक्ष देऊ नका, ती थडगी आहेत. हो, थडगी, सोळाव्या-सतराव्या शतकात मेलेल्या माणसांची, पोर्तुगीजमध्ये त्यांची नावं आहेत, आणि त्यावर हे लोक बिर्याणीचे डबे उघडून बसले होते, रस्सा सांडला तर टिश्यूने पुसून टिश्यू तिथेच, आणि लाईटचा लोखंडी स्टँड उचलायचा सोडून खर्रर्र करत त्याच अक्षरांवरून ओढत नेला. तुमच्या आजोबांच्या दहाव्याला येऊन असं कुणी केलं तर चालेल का हो? म्हटलं, अहो ही कबर आहे. तर म्हणे, काका, पाच मिनिटं.

पाच मिनिटं! या किल्ल्यासाठी मराठ्यांची हजारो माणसं पडली. बुरुजांखाली सुरुंग लावून तट फोडावा लागला. एवढं होऊनही पोर्तुगीज शरण आल्यावर त्यांना बायकापोरांसकट मानाने जाऊ दिलं. इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी वितळवल्या नाहीत, नेऊन देवळांत टांगल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला, आजही बघायला मिळतात. ज्यांचं रक्त सांडलं त्यांनी शत्रूची घंटा जपली आणि तुम्हाला एका दगडावरून स्टँड उचलून नेता येत नाही?

बास, टिपा संपल्या. आता सरळ सांगतो. हे संरक्षित स्मारक आहे, तुमच्या इव्हेंटवाल्याचा सेट नाही. अशा वास्तूची नासधूस केली तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. पण कायद्याची भीती घालावी लागते हीच लाज आहे. लाखभर रुपये शूटवर उडवता आणि कचऱ्याची एक पिशवी आणता येत नाही? फोटो काढा ना, कोण नको म्हणतंय! पण थडग्यावरून उठा, भिंतीला खिळे मारू नका, आणि ते मेकअपचे वाइप्स, बाटल्या, स्मोक बॉम्बची नळकांडी तुमच्या गाडीत घालून घरी न्या. तुमच्या मागे ते उचलायला गावातली दुर्गप्रेमी पोरं सुट्टीचा दिवस घालवतात, फुकट. त्यांना काय तुमचा हाउसकीपिंग स्टाफ समजलात?