वन बीएचकेत कुठलं दार लावू? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, घरी अभ्यास कसा करावा यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस तीच डोक्यात आहे. 'पहाटे उठा, दार लावून बसा, मोबाईल लांब ठेवा हे लिहायला सोपं आहे. आमच्या वन बीएचकेत सासू-सासरे, दोन मुलं, हॉलमध्ये टीव्ही. मी कुठलं दार लावू? एनपीटेलचा कोर्स चौथ्या आठवड्यात सुटला. माझ्यातच जिद्द नाही,' असं तुम्ही लिहिलंत. (एनपीटेल म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचे ऑनलाइन कोर्स.)

दाराचं म्हणणं पूर्ण मान्य. स्वतंत्र खोली नसलेल्यांचा मी विचारच केला नव्हता. चूक माझी.

जिद्दीचं मात्र अजिबात पटत नाही. सांख्यिकीचा बारा आठवड्यांचा कोर्स मीही पहिल्या वेळी अर्ध्यात सोडला, आणि मला तर खोली होती. गौरी-गणपतीत दोन असाइनमेंट राहिल्या आणि वाटलं, आता काय उपयोग! नियम नीट वाचले असते तर सोडला नसता. बारापैकी सर्वांत चांगल्या आठच असाइनमेंट धरतात. त्यांना 25 गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. प्रमाणपत्राला 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30 पुरतात. म्हणजे चार आठवडे हातचे आहेत! जुलैच्या सत्रात गणपती-नवरात्र येणारच, मुलं आजारी पडणारच. ते आठवडे आधीच सोडून द्या, मनाला लावून न घेता.

आता वेळेचं. तुम्हाला सलग तास मिळत नाही, मग तासाची वाट पाहू नका. व्याख्यानांचे लेखी उतारे मिळतात, ते मोबाईलवर उतरवून घ्या. टीव्ही चालू असताना व्हिडिओ ऐकणं कठीण, दोन पानं वाचणं त्यामानाने जमतं. वाचून झालं की मोबाईल उलटा ठेवा आणि आठवेल तेवढं वहीत लिहा. अडेल तिथेच परत बघा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच तपासलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं होतं. या वहीनेच माझा कोर्स दुसऱ्या वेळी पार पडला.

पोळ्या लाटताना कानात व्याख्यान लावा, असं मी सांगणार नाही. माझं तरी त्यात ना पोळीकडे लक्ष राहिलं, ना व्याख्यानाकडे. त्या वेळी काल लिहिलेलं मनात आठवून पाहा, एवढं जमतं.

आणि घरात एकदा स्पष्ट सांगा : असाइनमेंटच्या आदल्या संध्याकाळचा पाऊण तास माझा, मुलं बाबांकडे. हे मागायला मला फार संकोच वाटला होता. तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून आग्रहाने सांगते.

तुमचा विषय कोणता ते कळवाल? पुढच्या सत्राची नोंदणी कराल तेव्हा बारा आठवड्यांचं कॅलेंडर आपण दोघी मिळून आखू.