तात्यांना पाणी बदललेलं खपत नाही

ऑस्कर माशाची पिल्लं बोटभर असतात. अंगावर नागमोडी पट्टे, डोळे मोठाले, आणि काचेवर बोट फिरवलं की बोटामागे धावत येणार. त्या वयात त्याला पाहून कुणाचंही मन विरघळतं, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. "मोठा होतो का हो फार?" असं विचारलं तर "होतो थोडासा" यापलीकडे तो काही बोलत नाही. हे 'थोडासा' म्हणजे एक फूट. पहिल्या वर्षी तर महिन्याला जवळजवळ इंचभर. आमच्या घरात एवढ्या वेगाने दुसरं फक्त विजेचं बिल वाढलं, आणि तेही त्याच्याच फिल्टर-हीटरपायी.

आणला तेव्हा मुलीने त्याचं नाव पिंट्या ठेवलं होतं. वर्षभरात त्याचा एकूण आब पाहून घरातल्या सगळ्यांनीच, कुणी न सांगता, त्याला तात्या म्हणायला सुरुवात केली. आता मी दमून घरी आलो की "चहा टाकू का?" हा प्रश्न नंतर येतो. आधी "तात्या जेवले का बघा जरा" असं फर्मान निघतं.

एकट्या तात्यांसाठी ३०० लिटरची टाकी आहे. लिटरला किलो या हिशेबाने नुसतं पाणीच ३०० किलो, वर काच, वाळू आणि लोखंडी स्टँड. एवढं धूड एकदा ठेवलं की ठेवलं. सोफा सरकला, टीव्ही सरकला, आणि आता बातम्या मान वाकडी करून पाहाव्या लागतात. तात्यांना मात्र टीव्ही समोरून दिसतो.

टाकी सजवण्याची हौस आम्हालाच होती. हिरवीगार झाडं, एक किल्ला, एक पाणबुड्या. तात्यांनी तोंडाने वाळू उचलून, चार पावलं दूर नेऊन थुंकायला सुरुवात केली. सकाळपर्यंत झाडं पाण्यावर तरंगत होती, किल्ला कोपऱ्यात आडवा आणि पाणबुड्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलेला. मी सगळं पुन्हा लावलं, त्यांनी पुन्हा काढलं. त्यांचा मुद्दा साधा आहे: घर त्यांचं, तेव्हा मांडामांडही त्यांची. मग त्यांनी हीटरकडे मोर्चा वळवला. रबरी चकत्यांनी काचेला चिकटवलेली ती नळी त्यांनी डोकं लावून सोडवली. रात्री अंधारात 'टक... टक...' असा आवाज यायला लागला. ही मला हलवून म्हणाली, "अहो, दारावर कोणीतरी आहे." दारावर कोणी नव्हतं. तात्या हीटर काचेवर आपटत होते. तेव्हापासून हीटरला जाळीचा पिंजरा आहे. मासा बाहेर मोकळा आणि हीटर कैदेत!

सोबतीचा प्रश्न त्यांनी एका नियमात निकालात काढला आहे. तोंडात मावतो तो आहार, मावत नाही तो शत्रू. शेवाळ खाईल म्हणून आणलेला सकर मासा दुसऱ्या वर्गात मोडला, आणि त्याची रवानगी वेगळ्या टाकीत करावी लागली. मी सफाईला हात घातला तर मीसुद्धा दुसऱ्याच वर्गात. जीवघेणं काही नाही, पण बोटाची साल निघते.

खरा तमाशा रविवारी. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण ते नायट्रेट पाण्यातच साठत जातं, ते काढायला माणूस लागतो. त्यात तात्या जेवताना निम्मं खातात आणि निम्म्याचा चुरा कल्ल्यांतून बाहेर सोडतात. म्हणून दर आठवड्याला मी पाव टाकी पाणी सायफनने काढतो, नव्या पाण्यातलं क्लोरिन मारतो, ते कोमट करतो, आणि स्पंज नळाखाली न धुता काढलेल्याच पाण्यात पिळतो, नाहीतर क्लोरिनने जिवाणू मरायचे. "ही बादली कपड्यांची आहे!" हा आवाज याच वेळी आतून येतो.

आणि हे सगळं ज्यांच्यासाठी, ते तात्या तळाशी आडवे होतात. अक्षरशः कुशीवर. रंग उतरलेला, कल्ले जेमतेम हलताहेत. पहिल्यांदा हे दृश्य पाहून मुलीने हंबरडा फोडला होता. नंतर कळलं की ऑस्करची ही जातच रुसकी. मनाविरुद्ध काही घडलं की मेल्याचं सोंग घेऊन पडून राहायचं. मी काचेजवळ जाऊन अजिजीने "अहो तात्या" म्हणतो, तर ते पाठ फिरवतात. पाठ फिरवूनही सुटका नाही, कारण शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका आणि भोवती नारिंगी कडं, हुबेहूब डोळा. शत्रूला डोकं कुठलं नि शेपूट कुठली ते कळू नये म्हणून निसर्गाने ही सोय केली असावी, असं अभ्यासक मानतात. आमच्याकडे तिचा उपयोग रुसलेल्या अवस्थेतही माझ्यावर नजर ठेवायला होतो.

एवढा राग कुठून आला असेल? मला वाटतं, जुनं दुखणं आहे. लुई अगासी या शास्त्रज्ञाने १८३१ साली या माशाची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्याला खाऱ्या पाण्यातला समजून समुद्री माशांच्या कुळात टाकलं होतं. ॲमेझॉनच्या गोड्या पाण्यातलं घराणं, आणि पत्ता समुद्राचा! पिढ्यान्‌पिढ्या सल राहणारच.

तासाभराने ही स्वयंपाकघरातून येते आणि खाण्याचा डबा नुसता खुळखुळवते. तात्या ताडकन उभे. रंग परत, शेपूट हलतेय, पृष्ठभागावर तोंड वासून हजर. "बघा, काही झालेलं नाही त्यांना. तुम्ही उगाच त्रास देता," असं मलाच ऐकवलं जातं.

ऑस्कर नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं सहज जगतो. सध्या हॉल रंगवायचं घाटतंय. टाकी हलणं शक्य नाही, म्हणून तिच्या मागची भिंत जुन्याच रंगाची राहणार. रंगाचा वास एअर पंपातून पाण्यात जाऊ नये म्हणून पंपाची नळी खिडकीबाहेर काढायचीही तयारी झाली आहे. काल ही रंगांची नमुनापट्टी घेऊन टाकीसमोर उभी राहिली. आकाशीला तात्या काही बोलले नाहीत. पिवळ्यावर मात्र त्यांनी कल्ले फुगवले आणि काचेवर धडक मारली.

पिवळा मला आवडला होता. आकाशीची ऑर्डर गेली आहे.