समुपदेशन कक्षाबाहेरची नोंदवही

ख्रिस्ती विद्यापीठांतील विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशन सेवांवरील हा लेख आवडला. परंतु धर्मगुरूंचे मार्गदर्शन आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाचे समुपदेशन यांना त्यात जवळजवळ एकच मानले आहे, ते पटले नाही. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनात, म्हणजे पापांची कबुली देताना, सांगितलेले शब्द धर्मगुरू कोणत्याही परिस्थितीत उघड करू शकत नाही, तर मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 गोपनीयतेचा हक्क देतानाच जिवाला धोका असल्यास अपवादही मान्य करतो. विद्यार्थ्याला हा फरक पहिल्याच भेटीत समजावून सांगायला हवा.

माझी मुलगी मुंबईतल्या एका मिशनरी महाविद्यालयात शिकत होती. तिथल्या समुपदेशक बाई खरोखर चांगल्या होत्या, पण खोलीबाहेर स्टुलावर एक नोंदवही असे आणि तिच्यात नाव, रोल नंबर, वर्ग यांच्यापुढे ‘भेटीचे कारण’ असा रकाना! मुलीने तिथे ‘अभ्यास’ असे लिहिले आणि आत जाऊन अभ्यासाबद्दलच बोलून ती परत आली. (ती वही शिपाईकाकांपासून सगळेच चाळत.)

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले आहे. नेमणुका होतीलही, मात्र समुपदेशन इंग्रजीतूनच होणार असेल, तर विरार-कसाऱ्याहून येणाऱ्या मराठी माध्यमातल्या मुलांना रडायचेसुद्धा इंग्रजीतून, हे कसे चालेल? तोवर केंद्र सरकारच्या टेली-मानस या फोनवरून मानसिक आधार देणाऱ्या सेवेचा 14416 हा क्रमांक तरी सूचनाफलकावर लावावा; तिथे मराठीतून बोलता येते आणि कारणाचा रकाना भरावा लागत नाही.