बांद्यापर्यंत फुकट

पत्रिका मोबाइलवर आली. उघडली की सनई वाजायची, नारळाची झाडं हलायची आणि एक लाट येऊन आमच्या पुतण्याचं नाव वाळूवर लिहून जायची. लग्न गोव्यात. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत: 'दोन रात्रींचा स्टे आमच्याकडून. ट्रॅव्हल प्लॅन आपापला करावा, ही विनंती.' लग्नाच्या पत्रिकेत 'सहकुटुंब', 'सहपरिवार', 'अगत्य' हे शब्द आजवर शेकड्यानं वाचलेत. 'आपापला' पहिल्यांदाच वाचला.

आमच्याकडं लग्न ठरलं की याद्या करायची पद्धत. दोन्हीकडची वडीलधारी सतरंजीवर समोरासमोर बसायची, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावायची आणि मग त्या कागदावरनं अशी भिडायची की खासबागेतली कुस्ती परवडली. पोशाख, भांडी, वाजंत्री हे भराभर व्हायचं. 'वऱ्हाडाचा जाण्यायेण्याचा खर्च' आला की मात्र आत चहाचं आधण परत चढायचं. माझ्या लग्नात याच कलमावर सासरे आणि आमचे थोरले काका पाऊण तास अडून बसले होते. जातानाची गाडी तुमची, येतानाची आमची, असं एकदाचं ठरलं. मग स्टँडवर जाऊन प्रासंगिक करारावर एसटी घ्यायची, डिपॉझिट भरायचं, किलोमीटरवर हिशेब. लाल गाडीच्या तोंडाला केळीचे खुंट, काचेवर थर्माकोलची नावं, आणि पन्नासएक सीटवर पोरं मांडीवर धरून किती माणसं बसली ते ड्रायव्हरनंही मोजायचं नाही. भांडण व्हायचं, पण लग्नाआधी, तोंडावर आणि कागदावर.

आता कागदच नाही, त्यामुळं विचारायचं कुणी? बायको म्हणाली, "तुम्ही विचारा, तुमचा भाऊ हाय."

गंगावेशीतनं दूध घेऊन परत येताना मी वाट वाकडी करून दादाच्या घरी गेलो. दादानं चहा दिला, चिवडा दिला, हॉटेलचे फोटो दाखवले.

"बाकी सगळं झालं न्हवं?" मी म्हणालो.

"झालंच की."

"न्हाई म्हणजे... गाड्याबिड्यांचं?"

"रस्ता लई भारी झालाय," दादा म्हणाला. "कणकवलीच्या पुढं तर पोटातलं पाणी हलत न्हाई."

मी आणखी एक चहा घेतला आणि घरी आलो.

ग्रुपवर कुणीतरी टेम्पो ट्रॅव्हलर सुचवली. सतरा सीट. बत्तीस जणांनी अंगठा दाखवला. 'पर हेड किती?' असं मेव्हण्यानं विचारल्यावर तीन दिवस ग्रुपवर फक्त 'शुभ सकाळ'ची फुलं येत होती. रेल्वेचं म्हणाल तर कोल्हापूर-वैभववाडी मार्गाचं आम्ही ऐकतोय, ऐकतोय, आणि ऐकतच राहणार; तोवर गोव्याला रेल्वेनं जायचं म्हणजे आधी मिरज गाठायची. तेवढ्यात बातमी आली की नवरीच्या मामांना विमानाची तिकिटं पाठवलीत. आम्हाला लोकेशन पाठवलं होतं.

(ड्रेस कोड 'पेस्टल' होता. आत्तीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "पिस्तूल कशाला रं? गोव्याला काय भांडाण हाय?")

आत्ती आमच्या खानदानातली शेवटची याद्यावाली. वय सत्त्याहत्तर. कोल्हापूरच्या बायकांसारखं तीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते. तिचं मत सरळ होतं. "ज्याच्या घरचं कार्य, त्यानं गाडी पाठवायची. न्हाई पाठवली तर मी एसटीनं जातो. मला फुकाट हाय."

आणि ते खरंच होतं. २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट. २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. म्हणजे आत्ती शून्य, बायको अर्धी, आणि पुरं तिकीट काढणारा घरात मी एकटाच. तरी स्वतःची गाडी काढून पेट्रोल जाळण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी लगेच होकार दिला. बायकोनं पेस्टल साडीवर डाग पडू नये म्हणून ती उशीच्या अभ्र्यात घातली.

राधानगरी मागं पडली, फोंडा घाट उतरला. आत्ती खिडकीला, मांडीवर पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात आधार कार्ड. राज्य करणाऱ्या बाईसारखी बसली होती. बांदा जवळ आलं तसा कंडक्टर आमच्यापाशी आला.

"आजी, बांद्यापर्यंत फुकाट. पुढं गोवा लागतंय. तिथनं पणजीचं तिकीट काढाय लागतंय."

"का? मी बांद्याच्या पुढं तरणी होतो व्हय?"

सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला, पण मशीन हातातच होतं. "सवलत महाराष्ट्रापुरती हाय, आजी."

"मग मला बांद्यालाच उतरव. नवरा-नवरीला म्हणावं, हितं येऊन पाया पडा. लोकेशन पाठवतो."

मी घाईघाईनं पाकीट काढलं. माझं, बायकोचं आणि आत्तीचंही काढतो म्हणालो. आत्तीनं माझा हात मागं सारला. "तू का? तुझ्या घरचं कार्य हाय का?"

मग तिनं पिशवीतनं आहेराचं पाकीट काढलं. वर गणपती, खाली गोंदानं चिकटवलेला रुपया, आत पाचशे. तिनं चिकटवलेली कड नखानं अलगद सोडवली, पाचशेची नोट कंडक्टरला दिली आणि उरलेले पैसे दोनदा मोजले. परतीच्या तिकिटाएवढे बाजूला काढून कमरेच्या पिशवीत टाकले. राहिले ते आत सारले, कडेला जीभ लावली आणि पाकीट मांडीवर दाबून दाबून चिकटवलं.

"आता वर किती आकडा घालायचा?" बायकोनं हळूच विचारलं.

आत्तीनं रुपयाच्या नाण्यावर बोट ठेवलं. "एकाचा आकडा हाय तसाच हाय. म्होरलं त्यांचं त्यांनी मोजावं."