पहिली नोकरी: आधी भरवसा, मग हुशारी

पहिल्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या मुलामुलींना वाटतं, समोरचा आपलं ज्ञान तपासतोय. तसं फार थोडं असतं. नवख्याला काम येणार नाही हे नेमणाऱ्याला ठाऊकच असतं आणि शिकवायची त्याची तयारीही असते. त्याला अंदाज घ्यायचा असतो तो एवढाच, की याच्या हातात दिलेलं काम वेळेवर आणि पूर्ण होऊन परत येईल का. माझं स्पष्ट मत आहे की अर्जापासून पहिल्या पगारापर्यंतची प्रत्येक गोष्ट या एकाच प्रश्नाचं उत्तर म्हणून करावी.

रेझ्युमेपासून सुरुवात करू. नवख्याला एक पान पुरतं. फाइल पीडीएफ असावी आणि तिला 'फायनल न्यू २' असलं नाव नको. तुमचं नाव, आडनाव आणि पद एवढंच ठेवा. अनेक ठिकाणी अर्ज माणसाच्या आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम, चौकटी, चिन्हं, रंगीत पट्ट्या यांनी पान छान दिसतं, पण मजकूर उलटसुलट वाचला जाण्याची भीती असते. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे फोन नंबर शिक्षणाच्या ओळीत घुसला असेल, तर सॉफ्टवेअरलाही तो तसाच दिसण्याची शक्यता आहे. आणि 'संवादकौशल्य ८० टक्के' अशी पट्टी कृपा करून काढून टाका. ते ८० टक्के कशाचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

खरा फरक पडतो तो ओळींमुळे. 'कॉलेजच्या कार्यक्रमात सक्रिय सहभाग' या ओळीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: 'कार्यक्रमाच्या ६०० पासांची विक्री सांभाळली, रोजचा हिशेब ठेवला, शेवटी जमा रक्कम आणि विकलेले पास जुळवून दिले.' काम तेच, पण आता वाचणाऱ्याला कळतं की या मुलीच्या हाती पैसे दिले तर हिशेब मिळेल. प्रोजेक्ट असो, शिकवण्या असोत की घरच्या दुकानात बसणं, प्रत्येकात काय केलं, किती केलं आणि त्याचं पुढे काय झालं, ते लिहा. आकडा खराच हवा. मुलाखतीत त्याच आकड्यावर तिसरा प्रश्न आला की फुगवलेला आकडा उघडा पडतो.

एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी पाठवण्यात अर्थ नाही. जाहिरात दोनदा वाचा, त्यांनी मागितलेल्या गोष्टींपैकी तुमच्याकडे जे आहे ते वरच्या अर्ध्या पानात आणा. आठवड्याला असे आठ-दहा अर्ज नीट झाले तरी पुष्कळ. सोबत एक एक्सेल शीट ठेवाच: तारीख, कंपनी, पद, पाठवलेला रेझ्युमे, कुणाशी बोललो, पुन्हा कधी विचारायचं. जाहिरातीचा मजकूरही तिथेच साठवा, कारण मुदत संपली की ती साइटवरून निघते. तीन आठवड्यांनी फोन आला आणि तुम्ही 'कोणती कंपनी?' असं विचारलंत, तर तो फोन तिथेच संपल्यात जमा. उत्तर नाही आलं तर आठवड्याभराने एकदा विचारावं. रोज विचारू नये.

ईमेलमध्ये पाच-सहा ओळी पुरेत. आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा, समोरच्याचा पत्ता सगळ्यात शेवटी भरा. मग अर्धवट किंवा फाइलविना मेल जाणारच नाही.

मुलाखतीत 'तुमच्याबद्दल सांगा' याचं उत्तर दीड मिनिटात संपवा: काय शिकलात, काय केलंत, या कामात रस का. आईवडिलांचा व्यवसाय आणि भावंडांची संख्या त्यात नको. तीन प्रसंग घरी तयार करून जा: एक अडचणीचा, एक इतरांसोबत केलेल्या कामाचा, एक तुमच्या हातून झालेल्या चुकीचा. प्रत्येकात परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलंत, निकाल काय लागला हे यावं. सगळं 'आम्ही केलं' म्हणून सांगणारे बरेच भेटतात, त्यातलं तुमचं काय ते कळत नाही. येत नसेल तिथे 'हे मी वापरलेलं नाही, पण याच्या जवळचं अमुक केलंय' एवढं म्हणावं आणि थांबावं. गोलगोल उत्तरांनी भरवसा उडतो. शेवटी तुम्हीही विचारा: पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे, आणि माझं काम कोण तपासणार? कपडे स्वच्छ आणि इस्त्रीचे असले की झालं.

ऑफर आली की आनंदात सही करू नका, बसून वाचा. वर्षाचा जो मोठा आकडा असतो त्यात कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम आणि कंपनीने तुमच्या नावे भविष्य निर्वाह निधीत भरायचा वाटाही धरलेला असू शकतो. म्हणून सरळ विचारा, दरमहा हातात किती येतील? तसा तक्ता मागायला अजिबात लाजू नये. प्रोबेशन म्हणजे सुरुवातीचा पारखण्याचा काळ किती, नोटीस पिरियड म्हणजे सोडण्याआधी कळवायची मुदत किती, बॉण्ड म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार आहे का, असल्यास मधेच सोडल्यावर किती भरायचे, कामाचं ठिकाण आणि वेळ कोणती, हे लेखी हवं. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, झेरॉक्स द्या. मूळ प्रती कुणाकडे ठेवू नका. आणि नोंदणी, प्रशिक्षण, लॅपटॉपची अनामत, कुठल्याही नावाखाली नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागितले, तर तिथून निघा.

रुजू झाल्यावर सगळ्यात जास्त बिघडतं ते कामाच्या सूचना ऐकताना. काम सांगितलं की वहीत लिहा आणि लगेच परत बोलून दाखवा: 'म्हणजे मागच्या महिन्याची यादी, फक्त थकबाकी असलेले ग्राहक, बुधवारी दुपारपर्यंत. बरोबर ना?' या एका वाक्याने दोन दिवसांचं फुकट जाणारं काम वाचतं. अडलात तर अर्धा तास स्वतः झटा, मग विचारा. पण विचारताना काय हवं होतं, काय करून पाहिलं आणि कुठे अडलं, हे तिन्ही सांगा. नुसतं 'होत नाहीये' म्हणणाऱ्याला मदत करणं अवघड असतं. उशीर होणार हे दिसलं त्याच क्षणी सांगा, मुदतीच्या संध्याकाळी नाही. तोवर वरिष्ठाच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही, आणि बोलणी बहुतेक त्या उशिरा कळण्याचीच बसतात. मूळ फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत काढा, प्रतीवर काम करा.

दर आठवड्याच्या शेवटी त्या आठवड्यात काय पूर्ण केलं ते चार ओळींत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कामाचं मूल्यमापन होतं तेव्हा कुणालाच काही आठवत नाही, तुम्हालाही नाही.

पहिली पगारपावती आली की नावाचं स्पेलिंग, खाते क्रमांक, हजेरीचे दिवस आणि प्रत्येक कपात तपासा. चूक असेल तर त्याच आठवड्यात लेखी कळवा. नेमणूकपत्र आणि दर महिन्याची पगारपावती स्वतःच्या खासगी जागेत साठवत चला, कारण नोकरी सुटली की कंपनीचा मेल बंद होतो आणि पुढची कंपनी हीच कागदपत्रं मागते. मात्र फक्त स्वतःचे कागद. कंपनीच्या कामाच्या फाइली खासगी मेलवर पाठवणं बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध असतं आणि त्यावरून नोकरी जाऊ शकते.