व्ही ने संपणारे शब्द आहेत, मिसळ तयार ठेवा

दोन दिवस झाले, सिडकोतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतोय ना, की इंग्रजीत व्ही या अक्षराने संपणारा एकही शब्द नाही, शोधून दाखवा नि मिसळ जिंका, त्याचा खुलासा करतो. अर्धं खरंय. नियम आहेच, म्हणून तर लव्ह, गिव्ह, हॅव सगळ्यांच्या शेवटी उच्चार नसलेला ई चिकटवलेला असतो आणि पोरं स्पेलिंगला अडकतात. पूर्वी इंग्रजीत यू आणि व्ही हे एकच अक्षर समजायचे, मग शेवटी ई आला की कळायचं इथे व म्हणायचंय. अक्षरं नंतर वेगळी झाली पण ई काही गेला नाही, भाडेकरूसारखा बसलाय तो!

पण एकही नाही हे साफ चूक. आर ई व्ही, रेव्ह, म्हणजे गाडी जागेवरच उभी ठेवून ॲक्सिलरेटर पिळणं, आपल्या कॉलेज रोडला रोज ऐकतो आपण. हा रेव्होल्यूशनचा शॉर्टफॉर्म. स्पिव्ह म्हणजे ब्रिटनमधला छानछोकी काळाबाजारवाला, महायुद्धाच्या काळात फार चाललेला शब्द. डर्व्ह म्हणजे तिकडे गाड्यांचं डिझेल. आणि एस एच आय व्ही, हा बघून त्र्यंबकेश्वर आठवेल पण महादेवाशी काही संबंध नाही, शिव्ह म्हणजे चाकू, जेलमध्ये कैदी लपून बनवतात तसला.

आता मिसळ कोण देतंय बोला, आणि तर्री वेगळी पाहिजे.